रश लिंबॉ शो: माल अस्सल, फक्त ब्रेक बसवलेला नव्हता

सोमवार ते शुक्रवार, न्यूयॉर्कच्या घड्याळाने दुपारी बारा ते तीन. पाहुणे जवळजवळ नाहीतच, सहनिवेदक नाही, लिहून आणलेली संहिता नाही. एक माणूस, एक सोनेरी माइक, टेबलावर कात्रणांची चळत आणि फोनच्या लुकलुकणाऱ्या लायनी. अमेरिकन रेडिओवरचा हा कार्यक्रम १ ऑगस्ट १९८८ ला देशभर सुरू झाला. त्याचा निवेदक रश लिंबॉ शेवटचा माइकसमोर बसला २ फेब्रुवारी २०२१ ला, आणि १७ फेब्रुवारीला वयाच्या सत्तराव्या वर्षी फुप्फुसाच्या कर्करोगाने गेला. भरात असताना सहाशेच्या वर स्टेशनं हा कार्यक्रम लावत, आणि आठवड्याला दीड ते दोन कोटी लोक तो ऐकतात असा अंदाज सांगितला जाई.

लिंबॉच्या मतांचा हिशेब इथे मांडायचा नाही. तो कट्टर रिपब्लिकन बाजूचा, जिभेला हाड नसलेला, आणि अर्ध्या अमेरिकेच्या डोक्यात तिडीक आणणारा माणूस होता हे जगजाहीर आहे. इथे परीक्षण मालाचं आहे. रोज तीन तास माणसाला गाडीत खिळवून ठेवणारी वस्तू बनते कशी, विकली कशी जाते, आणि फुटते तेव्हा काच कोणाच्या पायात घुसते, एवढंच. आज मराठीत रोज संध्याकाळी यूट्यूबवर एकट्याने बसून राजकारणाची चिरफाड करणारे जे आहेत, त्यांचा साचा याच कारखान्यातला आहे. त्यातल्या किती जणांना हा कारखाना माहीत आहे, कोण जाणे.

आधी बाजारपेठ. एएम म्हणजे आपल्या मध्यम लहरी. पुणे आकाशवाणीचं ७९२ किलोहर्ट्झ, न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएबीसीचं ७७०. रेडिओचा काटा दोन्हीकडे जवळजवळ एकाच जागी. या लहरी लांब जातात, पण वीज चमकली की खरखरतात, पुलाखाली गाडी गेली की बसतात, आणि त्यांच्यावर संगीत घोंगडीतून ऐकल्यासारखं लागतं. माणसाचं बोलणं मात्र नीट कळतं. १९८० च्या दशकात अमेरिकेतलं संगीत एफएमवर निघून गेलं आणि एएम स्टेशनांकडे मोठाले मनोरे उरले, वाजवायला काही उरलं नाही. दुपारची वेळ तर अगदीच ओसाड. कुठे बाजारभाव, कुठे पाककृती, कुठे गावातलाच एखादा निवेदक.

त्यातच ऑगस्ट १९८७ मध्ये 'फेअरनेस डॉक्ट्रिन' रद्द झाली. १९४९ पासूनचा हा नियम सांगत होता की वादाच्या सार्वजनिक प्रश्नांवर बोला, आणि दुसऱ्या बाजूलाही संधी द्या. हिशेब एकेका कार्यक्रमाचा नसे, स्टेशनच्या एकूण प्रक्षेपणाचा असे. नियम गेला आणि लिंबॉ जन्मला, अशी गोष्ट सर्रास सांगितली जाते. ती अर्धीच खरी आहे. नियम लागू असतानाच १९८४ पासून तो सॅक्रामेंटोच्या केएफबीके स्टेशनवर साधारण हाच कार्यक्रम करत होता. नियम गेल्याने बदलली ती स्टेशनमालकांची छाती: तक्रार आली तर परवान्याचं काय, ही धाकधूक संपली. उपग्रहावरून स्वस्तात प्रक्षेपण पोचवता येऊ लागलं होतं, आणि टोल-फ्री क्रमांकामुळे देशात कुठूनही फुकट फोन करता येत होता. चूल पेटलेली होती, भांडं हवं होतं. (आपल्याकडे ही चूलच नाही. खासगी एफएमला आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं, स्वतःचं राजकीय भाष्य चालवता येत नाही. म्हणून आपल्याकडचं सगळं हे पीक यूट्यूबवर आलं.)

आता कारागीर. १२ जानेवारी १९५१ ला मिसुरीतल्या केप जिरार्डो गावी, वकिलांच्या घराण्यात जन्म. शाळेत असतानाच रेडिओवर, कॉलेज दोन सत्रांत सोडलं. पिट्सबर्गच्या बाजूला 'जेफ क्रिस्टी' या नावाने गाणी लावायचा, तिथून काढलं. आणखीही ठिकाणांहून काढलं. १९७९ ते १९८३ तर रेडिओ सोडून कॅन्सस सिटी रॉयल्स या बेसबॉल संघाच्या कचेरीत नोकरी केली. पुढे सॅक्रामेंटोत ज्याच्या जागी तो आला तो मॉर्टन डाउनी ज्युनियर हा निवेदक एका वांशिक विनोदापायी गेला होता. ही जागा कशी रिकामी होते, हे लिंबॉला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं असं समजायला हरकत नाही.

पण खरं कसब दडलंय त्या गाणी लावणाऱ्या वर्षांत. गाणी लावणारा निवेदक काय शिकतो? गायकाचा आवाज सुरू व्हायच्या नेमक्या क्षणी आपलं वाक्य संपवायचं. शांतता कधी सोडायची नाही, आणि सोडली तर मुद्दाम सोडायची. पुढे काय येणार हे ब्रेकच्या आधी अर्धवट सांगायचं. तोवर राजकीय भाष्य म्हणजे टाय बांधलेले गृहस्थ आणि जड आवाज. लिंबॉने त्यात विडंबनगीतं आणली, नकला आणल्या, प्रत्येक विषयाला वेगळी धून लावली. कागद मुद्दाम माइकजवळ चाळायचा, टेबलावर बोटांनी टकटक करायचा. कागदाच्या त्या सळसळीने ऐकणाऱ्याला वाटे, याच्या हातात पुरावा आहे. असेलही, नसेलही, सळसळ मात्र असायचीच.

तासाची रचना घट्ट होती. तासाच्या ठोक्याला बातम्या, सहाव्या मिनिटाला हा सुरू. पहिला तुकडा लांब आणि एकट्याचा. इथेच दिवसाचा विषय आणि शत्रू ठरायचा. मग ब्रेक, मग त्याच विषयाची दुसरी बाजू नव्हे, दुसरा थर. फोन साधारण नंतर. फोन उचलणारा जेम्स गोल्डन हा हवेवर 'बो स्नर्डली' नावाने ओळखला जाई आणि गाळणीचं सगळं काम त्याचं. कॉल लावून घेण्याचं कारण एकच, असं लिंबॉ उघडपणे सांगायचा: त्याने मी चांगला दिसलो पाहिजे. हे वाक्य उद्धट वाटतं, पण टॉक रेडिओ चालवणाऱ्या कुणालाही विचारा, यापेक्षा प्रामाणिक सूचना नाही. ज्याला मुद्दा एका ओळीत सांगता येत नाही असा कॉलर तीस सेकंदांत गाडीतल्या माणसाचा हात बटणाकडे नेतो. शुक्रवारी मात्र विषयाचं बंधन सैल असायचं. त्या दिवशी कॉलरने आणलेला विषय चाले, आणि कार्यक्रम तेवढाच ढिला पडे.

ऐकणाऱ्यांची स्वतःची बोली तयार झाली होती. फोनवर कौतुकाची लांबण लावू नये म्हणून कॉलर नुसतं 'डिटो' म्हणे, म्हणजे आधीच्याने जे म्हटलं तेच माझंही. त्यावरून त्याचे भक्त झाले 'डिटोहेड'. लिंबॉ फुशारकी मारायचा तीही ठरलेल्या ओळींत: स्पर्धा समान व्हावी म्हणून मी अर्धा मेंदू पाठीमागे बांधून बोलतो, माझं म्हणणं नव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त वेळा बरोबर ठरतं आणि ते एका संस्थेने तपासलंय. ती संस्था म्हणजे चेष्टा होती, टक्केवारी दशांशाने हळूहळू वाढत जाई तीही चेष्टाच. विनोद म्हणून हे उत्तम. अडचण एवढीच की तोच आवाज त्याच सुरात पुढच्या मिनिटाला खरी आकडेवारी सांगायचा, आणि कुठली दशांशाची जागा गमतीची, कुठली गंभीर, हे ऐकणाऱ्यावर सोडलेलं. वाहनातल्या वेगकाट्यावर कुणी अधूनमधून गंमत म्हणून भलताच आकडा दाखवावा, तसं.

विक्रीची पद्धत हा या मालाचा सर्वात हुशार भाग. एबीसी रेडिओचे माजी प्रमुख एड मॅक्लॉक्लिन यांनी त्याला सॅक्रामेंटोतून उचलून न्यूयॉर्कला आणलं. डब्ल्यूएबीसीला देशभरचा कार्यक्रम नको होता, स्थानिक हवा होता. तोड अशी निघाली की सकाळी दहा ते बारा न्यूयॉर्कपुरतं बोलायचं, मग बारापासून, तेव्हा तरी दोनच तास, देशासाठी. सुरुवातीला फक्त ५६ स्टेशनं. त्यांना कार्यक्रम वस्तुविनिमयाने मिळे: स्टेशनने पैसे द्यायचे नाहीत, तासातली ठरावीक मिनिटं राष्ट्रीय जाहिरातींसाठी सोडायची, बाकीची मिनिटं स्वतः विकायची. चार माणसांच्या गावठी स्टेशनचा हिशेब करा. दुपारच्या निवेदकाचा पगार वाचला, कार्यक्रम फुकट आला, वर गावातल्या ट्रॅक्टरवाल्याला आणि गादीवाल्याला विकायला हमखास ऐकली जाणारी मिनिटं मिळाली. नाही कोण म्हणेल? कार्यक्रम अंगावर चढल्यावर मोठ्या स्टेशनांकडून रोख शुल्कही घेतलं जाऊ लागलं. २००८ मध्ये कार्यक्रम स्टेशनांना पुरवणाऱ्या प्रीमियर रेडिओ कंपनीबरोबर आठ वर्षांचा जो करार झाला तो सुमारे ४० कोटी डॉलरचा होता. आणि गावागावांतल्या त्या दुपारच्या निवेदकांचं काय झालं, हे कुठल्याच करारात लिहिलेलं नसतं. न्यूयॉर्कला दुपारचे बारा वाजले की अलाबामापासून ऑरेगनपर्यंत एकच आवाज लागू लागला.

जाहिराती तो स्वतः वाचायचा. ब्रेक सुरू झालाय हे कळायच्या आत तो कुठल्यातरी पेयाबद्दल किंवा गादीबद्दल त्याच सुरात बोलू लागलेला असे. स्नॅपल या पेयाचं उदाहरण जाहिरातीच्या वर्गात शिकवण्यासारखं आहे. नव्वदीच्या सुरुवातीला ही छोटी कंपनी लिंबॉ आणि हॉवर्ड स्टर्न या दोन टोकांच्या निवेदकांच्या तोंडून वाढली. १९९४ मध्ये क्वेकर ओट्सने ती १७० कोटी डॉलरला घेतली, दोघांनाही वादग्रस्त म्हणून सोडलं, वितरणाची घडी विस्कटली, आणि १९९७ मध्ये ३० कोटींना विकून टाकली. सगळा दोष निवेदक काढण्याला देणं अतिशयोक्ती होईल. वितरणाचा गोंधळ मोठा होता. पण वाचणाऱ्याचा आवाज हाही मालाचा भाग असतो, हे क्वेकरला महागात कळलं. उलटा अनुभव त्याच १९९४ चा: फ्लोरिडाच्या लिंबूवर्गीय फळ खात्याने संत्र्याच्या रसासाठी लिंबॉशी दहा लाख डॉलरचा करार केला आणि महिला संघटनांनी रसावरच बहिष्कार पुकारला. फळ सरकारी खात्याचं, तोंड पक्षाचं. हे लग्न टिकणार नव्हतंच.

जोडमालही भरपूर. १९९२ पासून मासिक पत्रिका, वर्गणी वर्षाला सुमारे तीस डॉलर. कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सच्या एका श्रोत्याने फोनवर सांगितलं की ही वर्गणी मला परवडत नाही. फुकट देण्याऐवजी लिंबॉ म्हणाला, केक-बिस्किटं विकून पैसे उभे कर. मे १९९३ मध्ये त्या गावात ही विक्री झाली तेव्हा देशभरातून हजारोंच्या संख्येने माणसं गाड्या काढून आली. त्याच सुमारास हॉटेलवाल्यांनी जेवणाच्या वेळी 'रश रूम' काढल्या. वेगळी खोली, भिंतीवर स्पीकर, लोक ताटावर बसून मुकाट्याने रेडिओ ऐकतायत. बोलायला आलेली माणसं न बोलता जेवतात, हे दृश्य कुठल्याही खाणावळवाल्याला चक्रावून टाकणारं. खप मात्र वाढे.

एकाच ठिकाणी माल चालला नाही, दूरचित्रवाणीवर. १९९२ ते १९९६ रात्रीचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम झाला, निर्माते रॉजर एल्स, ज्यांनी पुढे फॉक्स न्यूज उभी केली. स्टेशनं तो भलत्या वेळी लावत. शिवाय रेडिओवर जो विनोद कानात कुजबुजल्यासारखा वाटे, तोच समोर टाळ्या वाजवणारे बसवल्यावर जाहीर सभेतला वाटू लागे. या माणसाला डोळे नको होते, कान हवे होते.

आणि कानच गेले. ८ ऑक्टोबर २००१ ला त्याने हवेवर सांगितलं की आपल्याला डाव्या कानाने ऐकू येणं बंद झालंय आणि उजव्याचंही बरंचसं गेलंय. आतल्या कानावर स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने केलेला हल्ला, असं निदान होतं. काही महिन्यांत हे घडलं. आता विचार करा, फोनवर चालणारा कार्यक्रम, आणि निवेदकाला फोन ऐकू येत नाही. तोडगा असा काढला: कॉलर बोलतो ते टंकलेखक तिथल्या तिथे टंकतो, अक्षरं लिंबॉच्या समोरच्या पडद्यावर सरकतात, तो वाचतो आणि उत्तर देतो. स्वतःचा आवाज किती वर जातोय, किती खाली, हेही त्याला नीट कळत नव्हतं. तीस वर्षांच्या सवयीवर, घशाच्या स्नायूंच्या आठवणीवर तो बोलत होता. त्या काळात त्याचे स्वर जरा घसरलेले लागतात, अक्षरं थोडी जाड येतात. पण कार्यक्रम सुरू राहिला.

१९ डिसेंबर २००१ ला लॉस एंजेलिसच्या हाउस इअर क्लिनिकमध्ये डाव्या कानात कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने बसवायचं ऐकण्याचं उपकरण, बसवलं, जानेवारीत ते चालू केलं. ज्यांच्या घरात हे उपकरण कुणाला बसवलंय त्यांना पुढचं सांगावं लागणार नाही. बोलणं समजतं, पण आवाज यांत्रिक येतो, आणि संगीत जवळपास हाती लागत नाही. लिंबॉ सांगायचा की बहिरेपणाच्या आधी ऐकलेलं गाणं असेल तर स्मरणशक्ती सूर भरून काढते; नवं गाणं मात्र नुसता गोंगाट. २०१४ मध्ये दुसऱ्या कानातही इम्प्लांट बसवलं. म्हणजे कारकिर्दीची शेवटची एकोणीस वर्षं, सगळ्यात मोठे करार ज्या काळातले, हा माणूस आपल्याच कार्यक्रमाची धून आठवणीतून ऐकत होता. कारागिरीला पाचपैकी पाच गुण द्यायला एवढं पुरेसं आहे.

आता बिघाड. ते पुष्कळ आहेत, आणि जवळजवळ सगळे एकाच जागचे.

सुरुवातीच्या वर्षांत नको असलेला कॉल तोडताना तो गर्भपाताची नक्कल करणारे आवाज लावायचा, व्हॅक्यूम आणि किंकाळी. एड्सने माणसं मरत असताना त्यावर थट्टेचा तुकडा चालवला. दोन्ही बंद केले. दुसऱ्याबद्दल नंतर खेदही व्यक्त केला. इथे लक्षात घ्यायची गोष्ट अशी की थांबवणारं कुणी आत नव्हतं. हवेवर गेल्यावर बाहेरून आरडाओरड झाली, मग थांबलं. कार्यक्रमाला संपादक नाही, सहनिवेदक नाही, समोर बसून भुवई उंचावणारा पाहुणा नाही. फोन गाळणारा आपलाच. ज्या रचनेमुळे कार्यक्रम इतका नेटका लागायचा, तीच रचना चूक अडवायला अपुरी. मार्च १९९४ मध्ये व्हाइट हाउसमधले वकील व्हिन्स फॉस्टर यांच्या मृत्यूबद्दल एका पत्रिकेतली कुजबुज त्याने हवेवर वाढवून सांगितली: आत्महत्या नव्हे, खून, तोही हिलरी क्लिंटन यांच्या मालकीच्या जागेत. एकामागून एक झालेल्या सरकारी चौकशांनी आत्महत्याच म्हटलं. कागदाची ती सळसळ इथेही होतीच.

२००३ चं वर्ष दुहेरी होतं. ईएसपीएन या क्रीडावाहिनीवर अमेरिकन फुटबॉलचं भाष्य करताना फिलाडेल्फियाचा खेळाडू डॉनोव्हन मॅकनॅब कृष्णवर्णीय असल्याने माध्यमं त्याला डोक्यावर घेतात असं बोलला, आणि १ ऑक्टोबरला राजीनामा द्यावा लागला. फरक पाहा. हेच वाक्य स्वतःच्या कार्यक्रमात बोलला असता तर कुणी नोकरीवरून काढू शकलं नसतं. दहाच दिवसांत, १० ऑक्टोबरला, वेदनाशामक गोळ्यांचं व्यसन असल्याची कबुली देऊन तो महिनाभर उपचाराला गेला. व्यसनी लोकांना तुरुंगात टाका असं म्हटलेल्या माणसाच्या बाबतीत हे झालं, त्यामुळे विरोधकांना दिवाळी. २००६ मध्ये फ्लोरिडात त्या गोळ्यांच्या प्रकरणी तडजोड झाली: तपासखर्चाचे ३० हजार डॉलर भरायचे, उपचार चालू ठेवायचे, आणि अठरा महिन्यांनी आरोप मागे. श्रोते गेले नाहीत. माल मतांचा असता तर गेले असते. पण माल होता सोबतीचा, आणि रोज दुपारी सोबत करणाऱ्याला माणसं बरंच माफ करतात.

ऑक्टोबर २००६ मध्ये पार्किन्सन झालेला नट मायकल जे. फॉक्स एका प्रचार-जाहिरातीत थरथरताना दिसला. औषध घेतलं नसेल किंवा अभिनय करतोय, असं लिंबॉ म्हणाला. नुसतं म्हणाला असता तर रेडिओत विरून गेलं असतं. पण वर्गणीदारांसाठी स्टुडिओत कॅमेरा बसवलेला होता, 'डिटोकॅम', आणि त्यात तो स्वतः अंग हलवून फॉक्सची नक्कल करताना दिसला. ती चित्रफीत सगळ्या वाहिन्यांवर गेली. जोडमालाने मूळ मालाचा घात केला, तो असा.

२०१२ ची गोष्ट तारखांसकट पाहण्याजोगी आहे, कारण बिघाड टप्प्याटप्प्याने कसा वाढतो हे त्यात दिसतं. जॉर्जटाउन विद्यापीठातल्या कायद्याच्या एका विद्यार्थिनीने गर्भनिरोधक औषधं विम्यात यावीत अशी साक्ष दिली होती. बुधवार २९ फेब्रुवारीला लिंबॉने तिच्याबद्दल वेश्या या अर्थाचे शब्द वापरले. सामान्य स्टुडिओत ब्रेकमध्येच कुणीतरी येऊन सांगतं, बाबा, आवर. गुरुवारी त्याने तेच पुढे नेलं, आणखी घाण करून. शुक्रवारीही तेच. शनिवारी ३ मार्चला संकेतस्थळावर माफीचं निवेदन आलं, तोवर जाहिरातदार निघायला लागले होते आणि पुढच्या दिवसांत त्यांची संख्या डझनांत गेली. त्याहून वाईट हे की मोठ्या कंपन्यांनी आपल्या जाहिराती अशा कार्यक्रमांत लावू नका अशा याद्याच स्टेशनांकडे पाठवल्या. त्यात लिंबॉ एकटा नव्हता, सगळा टॉक रेडिओ भरडला गेला. त्याचा करार शाबूत. ट्रॅक्टरवाल्याला मिनिटं विकणाऱ्या स्टेशनची मिनिटं रिकामी. काच घुसली ती इथे. न्यूयॉर्कमध्ये पंचवीस वर्षांनी डब्ल्यूएबीसी सुटलं आणि जानेवारी २०१४ पासून कार्यक्रम डब्ल्यूओआरवर, म्हणजे ७१० वर गेला. न्यू जर्सीतल्या गाड्यांत बटणं नव्याने लावावी लागली.

डब्यावर लेबल काय लावायचं, हा घोळ शेवटपर्यंत मिटला नाही. टीका झाली की हा करमणुकीचा कार्यक्रम. निवडणूक आली की हाच पक्षाचा आवाज: १९९४ मध्ये रिपब्लिकनांनी प्रतिनिधिगृह जिंकल्यावर नव्या खासदारांनी त्याला मानद सदस्य करून घेतलं. मार्च २००९ मध्ये पक्षाध्यक्ष मायकल स्टील त्याला नुसता करमणूक करणारा म्हणाले आणि त्याच्या बोलण्याला कुरूप म्हणाले; लगेच माफी मागावी लागली, तीही अध्यक्षाला, रेडिओवाल्याची. फेब्रुवारी २०२० मध्ये ट्रम्प यांनी संसदेतल्या भाषणादरम्यान त्याला स्वातंत्र्यपदक दिलं. त्याच महिन्याच्या २४ तारखेला त्याने श्रोत्यांना सांगितलं की कोरोना म्हणजे साधी सर्दी आहे. करमणूक म्हणून ऐकणाऱ्याने ते हसून सोडलं असेल. दुसऱ्या लेबलवर विश्वास ठेवणाऱ्याचं काय?

एक पलटी मात्र दाद देण्याजोगी. २००७ मध्ये सैनिकांबद्दलच्या त्याच्या एका शेऱ्यावर सिनेटर हॅरी रीड यांनी ४१ सिनेटरांच्या सह्यांचं निषेधपत्र त्याच्या कंपनीला धाडलं. लिंबॉने तेच पत्र ईबेवर लिलावाला काढलं. २१ लाख डॉलर आले, तेवढेच त्याने स्वतः घातले आणि हुतात्मा सैनिक व पोलिसांच्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला दिले. निषेधाचा कागद विकून दान करणं, यावर विरोधकांना बोलायला जागाच उरली नाही.

सुटे भाग मिळत नाहीत, ही शेवटची तक्रार. तो गेल्यावर काही महिने जुनीच ध्वनिमुद्रणं जोडून कार्यक्रम चालवला. मग जून २०२१ मध्ये बहुतेक स्टेशनांवर त्या वेळेत क्ले ट्रॅव्हिस आणि बक सेक्स्टन ही जोडगोळी आली. दुसऱ्या साखळीने डॅन बोंजिनोला बसवलं. एका माणसाच्या जागी तीन. मतं सगळ्यांची त्याच बाजूची, ऐकायला वाईट कुणीच नाही, पण गाण्याच्या सुरावर वाक्य टेकवणारी ती हातोटी यांची नाही.

गुण द्यायचे तर आवाज आणि वेळेचं भान पाचपैकी पाच, विक्रीची रचना पाच, माहितीचा भरवसा दीड, सुरक्षितता शून्य. नव्याने ऐकणाऱ्याने काटछाट केलेले तुकडे टाळावेत. चाहत्यांनी कापलेल्या तुकड्यांत तो संत वाटतो, विरोधकांनी कापलेल्यांत राक्षस. सबंध तास ऐकावा, जाहिरातींसकट, कारण बोलणं संपून जाहिरात कुठे सुरू झाली ते पकडण्यातच निम्मी गंमत आहे. आणि ऑक्टोबर ते डिसेंबर २००१ मधलं एखादं ध्वनिमुद्रण मिळालं तर ते आधी लावा. कॉलर बोलून थांबतो. अक्षरं पडद्यावर यायची असतात. तो एरवी कुणासाठी थांबत नसे. इथे समोरच्याचं वाक्य पुरतं वाचून होईपर्यंत गप्प असतो.